सात खिळ्यांचं घर

त्याला सगळी गल्ली नाना म्हणायची. मीही जवळजवळ दोन वर्षं त्याला तोंडावर नाना म्हणालो, अहो-जाहो केलं, समोर दिसला की सायकलवरून खाली उतरलो. आता तो नाही आणि मीही कुणाचा भाडेकरू राहिलेलो नाही. तेव्हा इथे मी त्याचा उल्लेख अरे-तुरेनेच करणार आहे. ज्यांना खटकेल त्यांनी पुढे वाचू नये. इतक्या वर्षांनीही माझा राग निवलेला नाही आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

तो बेलिफ होता. दिवाणी कोर्टाचा हुकूम घेऊन लोकांच्या दारात जायचं, घर रिकामं करून घ्यायचं आणि ज्याच्या बाजूने निकाल लागला असेल त्याच्या हातात ताबा द्यायचा, ही त्याची नोकरी. मूळचा सोनगीरकडचा. तीस वर्षं हे काम करून निवृत्त झाला, धुळ्याला देवपुरात प्लॉट घेऊन घर बांधलं आणि मागच्या अंगाला भाड्याने द्यायला दोन-दोन खोल्यांची तीन बिऱ्हाडं काढली. त्यातलं मधलं आमचं.

ते मिळण्याआधी मी तीन आठवडे धुळ्यात सायकल ढकलत फिरलो होतो. साल सांगत नाही, ऐंशीच्या दशकाचा मध्य धरा. पाटबंधारे खात्यात कारकून, मे महिन्यात बदली होऊन आलेला, बायको एरंडोलला माहेरी ठेवलेली. देवपुरापासून पारोळा रोडपर्यंत एकही गल्ली मी सोडली नाही. घर दिसायच्या आधी प्रश्न यायचे. आडनाव काय, म्हणजे तुम्ही कोणते, खातापिता काय, पाहुणे किती येतात, बाई नोकरी करते का, मग पाणी कोण भरणार. माझं आडनाव ऐकून निदान पाणी तरी विचारायचे. माझ्याबरोबर आलेल्या ऑफिसातल्या मित्राचं आडनाव ऐकल्यावर एका बाईने, खोली कालच दिली, असं सांगितलं आणि दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी तशीच होती. ती पाटी आम्ही दोघांनी वाचली आणि सायकलवर बसलो. त्या वेळी मी भांडलो नाही, कारण मला तीच खोली दुसऱ्या दिवशी एकट्याने जाऊन विचारायची होती. विचारलीही. भाडं माझ्या पगाराच्या निम्म्याच्या वर होतं, म्हणून सुटली. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आणि शहरात खोल्या नव्हत्या असं मुळीच नाही. खोल्या होत्या, कुलपं लावून ठेवलेल्या. भाडेकरू बसला की उठत नाही, कायदा त्याच्या बाजूने, अशी भीती घरोघरी भरली होती. त्यामुळे माणसं घर बांधायची आणि रिकामं ठेवायची. आत उंदीर नांदायचे आणि आम्ही त्यांच्या ओट्यासमोरून चकरा मारायचो.

अशात कुणीतरी त्याचा पत्ता दिला. भाडं आसपासच्या सगळ्यांपेक्षा कमी, पण माणूस जरा विक्षिप्त आहे, असं सांगितलं. विक्षिप्तपणाचं भाडं लागत नसेल तर मला चालणार होतं.

तो ओट्यावर बसलेला. भर उन्हाळ्यात अंगात खाकी कोट, डोक्याला काळी टोपी, हातात वेताची काठी. मी आडनाव सांगायला तोंड उघडलं तर त्याने काठीनेच थांबवलं. जातीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, हे त्याच्याबद्दल मला एकच बरं सांगता येतं. माझ्या त्या मित्रालाही त्याने घर दिलं असतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्याच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, ताबा असलेला आणि ताबा नसलेला. त्याने मला एवढंच विचारलं, “राहशाल किती, ते मी विचारत नाही. निघशाल का, ते सांगा.”

मी निघेन म्हणालो. अजून आत पाऊलही टाकलं नव्हतं.

मग त्याने पंचनामा केला. होय, रिकाम्या दोन खोल्यांचा पंचनामा. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि समोरचा किराणा दुकानदार हे त्याचे कायमचे पंच. दोघेही हातातलं काम टाकून यायचे, कारण तो त्यांना ‘पंच’ म्हणायचा आणि गल्लीत दुसरं कुणी त्यांना काहीच म्हणायचं नाही. दारं दोन, खिडक्या दोन, एका खिडकीची काच तडकलेली, मोरीचा दगड शाबूत. आणि खिळे. दक्षिणेच्या भिंतीला चार, पूर्वेच्या भिंतीला तीन, एकूण सात. आठवा खिळा ठोकायचा नाही. सातातला एक उपटायचाही नाही. मी सही केली. बायको आल्यावर तिने कॅलेंडर कुठे लावायचं म्हणून विचारलं, तर सातही खिळ्यांना काही ना काही अडकवून झालं होतं. मग दोन वर्षं आमच्या घरचं कॅलेंडर पिठाच्या डब्याला टेकून उभं राहिलं.

खिळ्याचं एक वेळ सोडा. बायको तुळस लावायला निघाली तर तो काठी टेकत आला. तुळस डब्यात लावा म्हणाला, जमिनीत नाही. जमिनीत मुळं धरली की ताबा आला. रेशनकार्डावर त्याचा पत्ता घालायला बंदी, त्यामुळे आमचं कार्ड गावच्या पत्त्यावरच राहिलं आणि रॉकेलसाठी बायको दारोदार कॅन घेऊन फिरली. आमची पत्रं ‘मार्फत’ त्याचं नाव घालूनच यायला हवीत. नुसतं माझं नाव आणि खाली त्याच्या घराचा पत्ता असलं पत्र आलं की तो पोस्टमनला परत न्यायला सांगायचा. बायकोच्या भावाच्या लग्नाची पत्रिका अशीच परत गेली. मेहुणा वर्षभर आमच्याशी बोलला नाही.

आम्हा भाडेकरूंना तो नावाने हाक मारायचा नाही. डावीकडची पार्टी, मधली पार्टी, उजवीकडची पार्टी. पाहुणा आला की तो ‘त्रयस्थ’. सकाळी दात घासत तो घराला पूर्ण फेरी मारायचा आणि चारही कोपऱ्यांना हात लावून यायचा. आठवड्यातून एकदा आमच्या दारावर काठीचे तीन ठोके द्यायचा आणि विचारायचा, आत कोण आहे. आम्ही आहोत हे त्याला दिसत असायचं. तरी आम्ही नाव सांगून ‘परवानगीने राहतो’ असं म्हणायचं. बायको पहिल्यांदा हसली. दुसऱ्यांदा हसली नाही.

लोक या गोष्टी ऐकून खो-खो हसतात. मीही ऑफिसात सांगून लोकांना हसवलं आहे. दुपारच्या डब्याच्या वेळी माझ्याभोवती टोळकं जमायचं, आज काय म्हणतो तुझा बेलिफ, म्हणून. हसवणं स्वस्त होतं. दुसरं घर स्वस्त नव्हतं.

आता त्याचा मुख्य सोहळा सांगतो. करार अकरा महिन्यांचा असायचा, सगळ्यांचाच असतो. इतर मालक अकरा महिने झाले की नव्या कागदावर सही घेतात आणि विषय संपतो. याला ते पटायचं नाही. कागदावर ताबा सुटत नाही, असं त्याचं ठाम मत. अकरा महिने पूर्ण झाले की दुसऱ्या दिवशी उजाडताच भाडेकरूने सगळं बिऱ्हाड अंगणात आणून मांडायचं. चमचासुद्धा आत ठेवायचा नाही. मग तो पंचांसमोर खोल्या तपासायचा, खिळे मोजायचा, अंगणातल्या सामानाची यादी करायचा आणि रिकाम्या खोलीच्या मधोमध लाकडी खुर्ची टाकून बसायचा. कोट, टोपी, काठी, सगळं अंगावर. दिवसभर अन्नपाणी घ्यायचा नाही. दिवेलागणीला त्याची बायको, जिला सगळे अक्का म्हणायचे, ती आत स्टो पेटवून दूध उतू घालायची. दूध ओसंडलं की घर पुन्हा त्याचं झालं. मग तो नव्या करारावर आमची सही घ्यायचा आणि आम्ही सामान आत न्यायचो.

आमच्यावर ही पाळी पहिल्यांदा आली तेव्हा मे महिना लागला होता. दिवसभर आम्ही नवरा-बायको अंगणातल्या कडुलिंबाखाली पेट्यांवर बसून राहिलो. शेजारच्या पार्टीने चहा दिला. बायकोची लुगडी, माझी बनियनं, देवांचा डबा, सगळं उघड्यावर. येणारेजाणारे विचारायचे, कुठे चाललात. कुठेच नाही, असं सांगायचं. संध्याकाळी पुन्हा तिथेच. मी त्यातही गंमत शोधली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात नकलेसकट सांगितली.

रविवारी तो ओट्यावर आम्हाला बसवून नोकरीतल्या गोष्टी सांगायचा. कुणाची भांडी कशी बाहेर काढली, कुणी कसा दाराला मिठी मारून बसला. त्यातली एक गोष्ट तो फार वेळा सांगायचा. नोकरीला नवा असताना तो साक्रीकडच्या एका खेड्यात ताबा घ्यायला गेला. आत एक म्हातारी खाटेवर पडलेली. उठायला तयार नाही, किंवा उठता येत नसेल. बाकीचं सामान निघालं, खाट राहिली. याला काही ते करवेना. याने कागदावर ‘ताबा मिळाला नाही’ असं लिहिलं आणि एसटीने परत आला. ती म्हातारी पुढे चार वर्षं त्या खाटेवर जगली. ज्याच्या बाजूने निकाल लागला तो चार वर्षं दारात उभा. साहेबाने याला चारचौघांत झाडलं आणि याची वेतनवाढ रोखली.

ही गोष्ट सांगून तो प्रत्येक वेळी तेच म्हणायचा, “तव्हढी एकच चूक व्हयनी मनी, तीस वरीसमा.”

मी मान डोलवायचो. आयुष्यात माणसासारखा वागला तो एकच दिवस त्याने चूक म्हणून जपून ठेवला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता आई भडगावकडच्या आमच्या गावी गोठ्यात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. गावी थोरला भाऊ होता, पण दवाखाना धुळ्याला, म्हणून तिला माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी पायाला पट्ट्या गुंडाळून दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला वजन लावून ते खाटेच्या पायथ्याशी लोंबतं ठेवायला सांगितलं. घरी वजन म्हणून विटा बांधल्या. पायथ्याकडचे खाटेचे पाय आणखी विटांवर उचलले. सहा आठवडे अशीच पडू द्या, म्हणाले. हाड आपोआप धरेल आणि ती काठी घेऊन चालेल. फक्त हलवायचं नाही. हे त्यांनी मला तीनदा बजावलं. औषधाची पिशवी टांगायला एक खिळा हवा होता. मी खिळा ठोकला नाही, पिशवी खिडकीच्या गजाला बांधली. एवढा मी तयार झालो होतो.

आई आली त्या दिवशी तो दारात आला. नेहमीचे तीन ठोके दिले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभा राहून खाटेकडे बघत राहिला. माझ्या आईकडे त्याने पाहिलंच नाही, फक्त खाटेकडे पाहिलं. मी म्हणालो, नाना, आई आहे, पडली. तो काठी टेकत निघून गेला. मला त्याच क्षणी साक्रीकडची म्हातारी आठवली.

कारण मार्चअखेर आमचे अकरा महिने भरत होते आणि आईचा तेव्हा चौथाच आठवडा असणार होता.

मी आठ दिवस आधी त्याच्याकडे गेलो. सामान सगळं बाहेर काढतो, फक्त आईला आत राहू द्या, असं विनवलं. नाहीतर दोन आठवडे थांबा, मग एक काय दोन दिवस अंगणात बसतो. नाहीतर तुम्ही म्हणाल ते लिहून देतो, स्टॅम्प पेपरवर देतो, पंचांसमोर देतो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“लिही तं बठ्ठाच देतस,” तो म्हणाला, म्हणजे लिहून काय सगळेच देतात. “मी तीस वरीस लिहेल बी देखं, आन घर बी देखं. मानूस आत शे, म्हनजे ताबा त्याना शे.”

मी दुसरं घर शोधायला निघालो. पुन्हा तीच सायकल, त्याच गल्ल्या. या वेळी प्रश्न एकच होता, घरात आजारी कोण आहे. आई खाटेवर आहे म्हटलं की दार अर्धं लागायचं. एक गृहस्थ तर स्पष्ट बोलला, म्हातारं माणूस आमच्या घरात गेलं तर पुढे ती खोली कोण घेणार. तो निदान खरं बोलला. तळमजल्याची, नळाजवळची, खाट दारातून आत जाईल अशी, मला परवडणारी खोली मला सगळ्या धुळ्यात मिळाली नाही. आठ दिवस संपले.

लोक मला विचारतात, तू ‘नाही’ का म्हणाला नाहीस. काय केलं असतं त्याने? पोलीस आणले असते? ऑफिसच्या वाटेवर एका वकिलाची पाटी होती, मी रोज तिच्याखालून जायचो. वर चढून नुसतं विचारायचं होतं. मी चढलो नाही. नानाच्या कानावर गेलं तर पुढच्या वेळी करार होणार नाही, ही भीती. आईच्या पायापेक्षा मला घराची भीती जास्त वाटली. बस, हे असं आहे.

त्या दिवशी उजाडताच सामान निघालं. शेवटी खाट. डावीकडची पार्टी, उजवीकडची पार्टी, इस्त्रीवाला आणि मी असे चौघे चार पायांना. बायको विटा हातात धरून बरोबर चालत होती, लोंबत्या विटांना झोका बसू नये म्हणून. दार अरुंद. खाट तिरपी करावी लागली. आईने पदराचा बोळा तोंडात धरला. तो बाजूला उभा राहून सांगत होता, सावकाश, बाईमाणूस आहे, सावकाश. कोर्टातली सगळी अदब त्याच्या अंगात आली होती.

मग यादी. लोखंडी पेट्या दोन, स्टो एक, पाण्याची टाकी एक, गाद्या तीन. आणि मग त्याने मान वर न करता लिहिलं, मी मागून वाचलं : ‘वृद्ध स्त्री एक, खाटेसह. हालत ठीक.’

त्या कागदावर मी खाली सही केली.

एप्रिलमधलं धुळ्याचं ऊन ज्याने पाहिलेलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. कडुलिंबाची सावली एका जागी थांबत नाही. सकाळी खाट पश्चिमेला होती. अकराला सावली सरकली, खाट उचलून सरकवली. एकला पुन्हा. तीनला पुन्हा. प्रत्येक वेळी चार माणसं, प्रत्येक वेळी विटांना झोका, प्रत्येक वेळी आईचा तो पदराचा बोळा. तिसऱ्यांदा उचलताना इस्त्रीवाल्याचा हात घामाने सुटला आणि खाट एका बाजूने आदळली. आई ओरडली नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

आणि तो आत बसला होता. दार उघडं, खुर्ची मधोमध, पाठ ताठ, नजर समोरच्या चार खिळ्यांवर. मी अंगणातून त्याला बघत होतो. हातातली वीट फेकून मारावी असं मला वाटलं, आणि हे मी शोभेसाठी लिहीत नाही. वीट खरोखर हातात होती.

दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला आईने माझ्या बायकोला जवळ बोलावलं. मला वाटलं तिला पाणी हवंय.

“त्या मानूसले पानी दे,” आई म्हणाली. “सकायपाईन उपाशी बठेल शे.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती तांब्या घेऊन दारापर्यंत गेली. त्याने हात हलवून तिला परत पाठवलं. भाडेकरूचं पाणी घेतलं तर दिवस मोडतो, असं काहीसं तो म्हणाला म्हणे. आईच्या त्या दयेचा मला त्याच्यापेक्षाही जास्त राग आला. आजही येतो. त्याची कीव करायचं काय कारण होतं? आपल्याला उन्हात घालणाऱ्याच्या घशाची काळजी ही आमच्या आयांना कुणी शिकवली, मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. अक्का त्या दिवशी घरात शिरली नाही. ती दुपारभर आईच्या उशाशी बसून ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत होती. दिवे लागायच्या वेळी त्याने आतून हाक मारली, दूध आण. ती म्हणाली, दूध नासलं. दूध नासलेलं नव्हतं, मी पातेलं पाहिलं होतं. त्याने पुन्हा हाक मारली. ती उठली नाही. शेवटी तो स्वतः जाऊन दूध घेऊन आला, त्याला स्टो पेटवता येईना, खोलीभर धूर केला. दूध एकदाचं ओसंडलं आणि घर त्याचं झालं.

आईचं हाड धरलं नाही. मे महिन्यात डॉक्टरांनी फोटो काढला आणि विचारलं, मध्ये हलवलं होतं का. मी थोडंसं, असं म्हणालो. ते चिडले नाहीत, फक्त कागद मिटला. तिला भाऊ गावी घेऊन गेला, ती पुढे सहा वर्षं जगली आणि एकदाही उभी राहिली नाही. मी भेटायला गेलो की ती पायावरचं पांघरूण सारखं करत म्हणायची, हाऊ पाय आते मना नही ऱ्हायना, हा पाय आता माझा राहिला नाही. तक्रारीच्या सुरात म्हणायची नाही, म्हणून जास्त लागायचं.

जूनमध्ये मी धडपड करून जळगावला बदली करून घेतली. निघताना त्याने शेवटचा पंचनामा केला. खिळे मोजले, सात भरले. पार्टी चांगली होती, असं तो पंचांना म्हणाला. कागदावर त्याने लिहिलं, ‘ताबा शांततेत दिला’. तो कागद मी अजून ठेवला आहे. मला दुसरं कुणी असं प्रमाणपत्र दिलेलं नाही.

तो गेल्याचं मला जळगावात फार उशिरा कळलं. मला वाईट वाटलं नाही.

जळगावात दोन-तीन घरं बदलून नव्वदीच्या दशकात मी पिंप्राळ्याच्या बाजूला एक लहान घर बांधलं. कर्ज फेडायचं म्हणून वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. भाडेकरू चोपड्याकडचा तरुण मास्तर, बायको आणि पाळण्यातली मुलगी. मी आडनावाचे प्रश्न विचारले नाहीत. तुळस जमिनीत लावा म्हणालो. माझा पत्ता रेशनकार्डावर घाला म्हणालो. मी नाना नाही, हे मला दर दोन दिवसांनी कुणाला तरी दाखवावं लागायचं.

अकरा महिने भरायला आले तेव्हा मी वकिलाकडे गेलो. या वेळी जिना चढलो. नव्या कराराचं विचारलं आणि सहज म्हणून, की भाडेकरूला एक दिवस बाहेर काढावं लागतं ना? वकील हसायला लागला. कशाला, म्हणाला. कागदावर तारखा बदलल्या की झालं. सामान हलवून काय होतं? कोर्ट काय तुमचं अंगण बघायला येणार आहे? मी म्हणालो, एक बेलिफ असं करायचा. तो म्हणाला, बेलिफाला काय कळतंय, तो आयुष्यभर बाहेरच्या बाहेर. कोर्टाच्या आत काय चालतं ते त्याने कधी पाहिलेलं असतं का.

चहा आला तो तसाच निवला. तीस वर्षं कोर्टाचं काम केलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं. ताबा म्हणजे त्याच्यासाठी डोळ्यांनी दिसणारं रिकामं घर, दुसरं काही नाही. आणि कुणाला विचारावं असं त्यालाही वाटलं नाही, मलाही नाही. माझी आई एक अख्खा दिवस उन्हात पडली आणि सहा वर्षं खाटेवर पडली, ती कशासाठीच नाही. कायद्यासाठीसुद्धा नाही.

नवा स्टॅम्प पेपर घेऊन मी स्कूटरवरून घरी आलो तर अंगणात सामान मांडलेलं. पेट्या, गाद्या, भांड्यांचं पोतं, पुस्तकांचे गठ्ठे. पाळणा आंब्याच्या फांदीला टांगलेला, त्याखाली मास्तराची बायको मुलीला पदराने वारा घालत बसलेली. मास्तर घाईघाईने पुढे आला. आज अकरा महिने झाले ना साहेब, म्हणाला. आधीच्या मालकाकडे असंच करायचो. तुम्ही सांगायची वाट कशाला बघायची म्हणून सकाळीच काढून ठेवलं.

मी त्याच्यावर ओरडलो. इतका की शेजारी बाहेर आले. सगळं आत घ्या, आत्ताच्या आत्ता, कुणी सांगितलं होतं तुम्हाला. तो घाबरून हात जोडायला लागला. त्याला वाटलं काहीतरी चुकलं, मी त्याला घर देणार नाही. त्याची बायको पाळण्यातून मुलीला उचलून छातीशी धरून उभी राहिली.

मी त्यांना तसंच सोडून वर गेलो. खोल्या झाडूनपुसून लख्ख केलेल्या. मी मधोमध उभा राहिलो आणि माझी नजर भिंतीकडे गेली. खिळे सहा होते. मी दिले तेव्हा पाच होते. मला कुणी मोजायला सांगितले नव्हते, मी कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं, तरी अकरा महिने मला ते पाठ होते.

खाली मास्तर विचारत होता, साहेब, काय करू. मी जिना उतरलो आणि पेटीची एक कडी धरली. दुसरी त्याला धरायला सांगितली.